हायड्रोजन कॉम्प्रेसरला ड्राइव्ह लावताय? आधी खालचा स्पीड ठरवा

साखर कारखान्यात आयडी फॅनला नाहीतर बॉयलरच्या फीड पंपाला व्हीएफडी, म्हणजे मोटारीचा स्पीड कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, बसवून हात बसलेली माणसं हायड्रोजनच्या कामावर आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, वीज किती वाचंल?" सोलापूर जिल्हाच साखर कारखान्यांचा, त्यामुळे आपल्याकडे ड्राइव्ह म्हटलं की पंखा आणि पंप हेच डोळ्यांसमोर येतं. पंख्याचा स्पीड ८० टक्क्यांवर आणला की पॉवर जवळजवळ निम्मी होते, कारण ती स्पीडच्या घनाने घटते. पिस्टनच्या कॉम्प्रेसरला हा हिशोब लावू नका. तिथं टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, ठरतो दाबावर. सक्शन (गॅस आत येतो ती बाजू) आणि डिस्चार्जचा (बाहेर पडतो ती बाजू) दाब तोच राहिला तर ८० टक्के स्पीडलाही टॉर्क पूर्ण लागतो, पॉवर साधारण ८० टक्के लागते आणि गॅसही ८० टक्केच जातो. किलोमागे वीज जवळपास तेवढीच.

मग ड्राइव्ह कशासाठी? गॅस जसा येईल तसं चालता यावं म्हणून. इलेक्ट्रोलायझर, म्हणजे विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणारं यंत्र, सौर विजेवर असेल तर सकाळी गॅस कमी, दुपारी भरपूर, ढग आला की एकदम खाली. १ किलो हायड्रोजन बनवायला इलेक्ट्रोलायझर साधारण ५० ते ५५ युनिट खातो. तोच किलो ३० बारवरून ट्यूब ट्रेलरच्या, म्हणजे गॅसच्या लांब नळकांड्यांच्या गाडीच्या, २०० बारवर चढवायला गणिताने कमीत कमी ०.६५ युनिट लागतं, प्रत्यक्षात त्याच्या दीड-दोनपट. म्हणजे कॉम्प्रेसर गॅसच्या चालीने चालला नाही आणि एक किलो व्हेंटमधून हवेत गेला, तर पन्नास युनिटं गेली. खरा पैसा इथं आहे. दुसरं, पूर्ण स्पीडवर दाबलेला गॅस स्पिलबॅक व्हॉल्व्हमधून परत सक्शनला सोडायचा प्रकार ज्यांच्याकडे चालतो, त्यांची ती फुकट जाणारी वीज ड्राइव्हने नक्की वाचते. आणि तिसरं, सारखं चालू-बंद होणं थांबतं. कॉम्प्रेसरचे व्हॉल्व्ह, पॅकिंग, डायफ्रॅम यांचं आयुष्य चालू-बंदने फार लवकर संपतं.

हे तिन्ही फायदे एकाच आकड्यावर अवलंबून आहेत, तो म्हणजे मशीन न बिघडता किती हळू चालू शकतं. म्हणून माझं काम वरच्या स्पीडपासून कधीच सुरू होत नाही.

माझं चिंचोळी एमआयडीसीत पॅनेल बनवायचं वर्कशॉप आहे. यंत्रमागापासून ऊसगव्हाणीपर्यंत सगळ्याला आम्ही ड्राइव्ह लावतो. हायड्रोजनची कामं बहुतेक बाहेरगावची, पण पॅनेल इथं बनतं आणि बेंचवरची तपासणी इथंच होते. "सोलापुरात कुठला आलाय हायड्रोजन?" असं विचारणाऱ्यांना मी फताटेवाडीच्या एनटीपीसीकडे बोट दाखवते. तिथं ६६० मेगावॅटचे दोन संच आहेत, आणि एवढे मोठे जनरेटर आतून हायड्रोजननेच थंड ठेवतात. हा गॅस आपल्याला वाटतो तितका परका नाही. आणि केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये मंजूर केलेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनमध्ये २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं लक्ष्य आहे. हे काम आपल्या पोरांच्या हातात येणार आहे, म्हणून सविस्तर लिहिते. डिप्लोमा किंवा आयटीआय झालेला, ड्राइव्हचे पॅरामीटर टाकता येणारा माणूस समोर धरून लिहिते.

खालचा स्पीड कोण ठरवतं

ड्राइव्ह ५ हर्ट्झलाही मोटार फिरवेल. त्याला विचारून उपयोग नाही. कॉम्प्रेसर बनवणाऱ्याकडून लेखी आकडा घ्या, आणि आकडा देताना त्याने पुढच्या गोष्टी तपासल्यात का हेही विचारा. "३० ते ५० हर्ट्झ चालतं ओ" असं फोनवर सांगितलेलं धरून पॅनेल बनवू नका.

पहिली गोष्ट ऑइल. बऱ्याच पिस्टन कॉम्प्रेसरचा ऑइल पंप क्रँकशाफ्टवरच बसवलेला असतो. शाफ्ट हळू झाला की पंपही हळू, आणि बेअरिंगला जाणाऱ्या ऑइलचा दाब पडतो. ड्राइव्हवर चालवायचं मशीन असेल तर स्वतंत्र मोटारीचा ऑइल पंप मागा. तो कॉम्प्रेसरच्या आधी सुरू होतो आणि नंतर बंद होतो, त्यामुळे सुरुवातीची झीजही वाचते. डायफ्रॅम कॉम्प्रेसरमध्ये हा मुद्दा आणखी नाजूक आहे. तिथं गॅस आणि ऑइल यांच्यामध्ये धातूचे पातळ पडदे असतात, पिस्टन ऑइलला ढकलतो आणि ऑइल पडद्याला. प्रत्येक फेऱ्यात पिस्टनच्या बाजूने थोडं ऑइल निसटतं, ते भरून काढायला क्रँकवरचा छोटा इंजेक्शन पंप असतो. हा पंप फेऱ्यामागे ठरलेलं ऑइल देतो. पण गळती किती वेळ गेला त्यावर ठरते, किती फेरे झाले त्यावर नाही. स्पीड निम्मा केला तर एका फेऱ्यात गळायला दुप्पट वेळ मिळतो. एका मर्यादेखाली भरपाई पुरत नाही आणि पडदा वरच्या प्लेटला नीट टेकत नाही. मग आतमध्ये गॅस उरतो, क्षमता घटते आणि पडद्याचं आयुष्यही. शुद्ध हायड्रोजनसाठी हेच कॉम्प्रेसर वापरतात, त्यामुळे हा प्रश्न विचारायला विसरू नका.

दुसरी गोष्ट क्रॉसहेड पिन, म्हणजे कनेक्टिंग रॉड आणि पिस्टन रॉड यांच्या सांध्यातली पिन. पिनवरचा भार प्रत्येक फेऱ्यात एकदा उलट दिशेने आला पाहिजे, तेव्हाच फट उघडते आणि ऑइल आत शिरतं. हा भार गॅसचा दाब आणि फिरत्या-सरकत्या वजनांचा झटका यांची बेरीज असते. स्पीड उतरला की झटका झपाट्याने उतरतो, गॅसचा भार मात्र तसाच. काही दाबांना भार उलटणंच बंद होतं, पिन कोरडी पडते. हे बाहेरून दिसत नाही, आवाज येईपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून रॉड लोडचा, म्हणजे या भाराचा, हिशोब फक्त पूर्ण स्पीडला नको, सगळ्या स्पीडला आणि सगळ्या डिस्चार्ज दाबांना हवा. ट्रेलर भरताना डिस्चार्ज दाब सुरुवातीला कमी असतो आणि शेवटी २०० ला पोचतो, हे त्यांना स्पष्ट कळवा.

व्हॉल्व्हचं थोडक्यात. हायड्रोजनचा रेणुभार २, हवेचा २९. इतका हलका गॅस व्हॉल्व्हची प्लेट उचलून धरायला आधीच कमी पडतो. हळू स्पीडला प्रवाह आणखी कमी झाला की प्लेट फडफडायला लागते. ड्राइव्हवर चालणाऱ्या मशीनची स्प्रिंग वेगळी निवडावी लागते.

आणि टॉर्शन. मोटार, कपलिंग, फ्लायव्हील, क्रँक ही सगळी मिळून एक पीळ खाणारी दांडी आहे. कुठल्यातरी स्पीडला पिस्टनचे धक्के या दांडीच्या नैसर्गिक कंपनाशी जुळतात. एकाच स्पीडच्या मशीनमध्ये तो स्पीड टाळून डिझाइन करतात. ड्राइव्ह लावला की सगळे स्पीड उघडे पडतात. पायपिंगचंही तसंच. हायड्रोजनमध्ये आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे १३०० मीटर, हवेच्या जवळजवळ चौपट, त्यामुळे हवेच्या कॉम्प्रेसरवरचा पाइपच्या लांबीचा अनुभव इथं उपयोगी पडत नाही. विश्लेषण करून घ्या आणि टाळायचे पट्टे लिहून घ्या. ते पुढे ड्राइव्हमध्ये टाकायचे आहेत.

या सगळ्यांतून जो सगळ्यात वरचा आकडा निघेल तो तुमचा खालचा स्पीड. ५० हर्ट्झच्या मोटारीला ३० ठरला तर त्याखाली काय करायचं, ते पुढे सांगते.

सेंट्रिफ्यूगल मशीनचं गणित वेगळं आहे. तिथं घनाचा नियम लागू होतो, पण सर्जची, म्हणजे प्रवाह कमी पडला की गॅस उलटा मागे येण्याची, भीती असते, आणि हायड्रोजन हलका असल्यामुळे दाब चढवायला इंपेलर फार वेगाने फिरवावा लागतो, स्टेजही पुष्कळ लागतात. मोठ्या पाइपलाइनचा तो विषय. ट्रेलर भरायच्या कामात आपल्याला पिस्टन नाहीतर डायफ्रॅमच भेटणार.

मे महिना आणि १३५ डिग्री

एक गैरसमज फार वेळा ऐकते, "डिस्चार्ज तापला तर ड्राइव्हने स्पीड कमी करू." गॅस किती तापणार हे मुख्यतः आत येणाऱ्या गॅसचं तापमान आणि दाब किती पट वाढवला यावर ठरतं. स्पीड उतरवून ते खाली येत नाही. उलट हळू स्पीडला रिंगमधून गॅस मागं निसटायला वेळ मिळतो, तोच गॅस पुन्हा दाबला जातो, आणि काही मशीनमध्ये तापमान थोडं चढतंच.

हिशोब करून बघा. ३० बारवरून २०० बार म्हणजे ६.७ पट. दोन स्टेजमध्ये वाटलं तर प्रत्येकी सुमारे २.६ पट. गॅस ३५ डिग्रीला आत आला तर कागदावरच्या गणिताने १३२ डिग्रीला बाहेर पडतो. पिस्टन कॉम्प्रेसरच्या एपीआय ६१८ मानकात हायड्रोजनसारख्या हलक्या गॅससाठी मर्यादा १३५ आहे. म्हणजे ३ डिग्रीची सवड. आता इंटरकूलर, म्हणजे दोन स्टेजच्या मध्ये गॅस थंड करणारा कूलर, हवेने थंड होणारा घेतला आणि मे महिन्यात सोलापूरसारख्या ठिकाणी बसवला. बाहेर ४२, कूलरमधून गॅस ५२ ला आला तरी नशीब. दुसऱ्या स्टेजमधून तो १५५ ला निघेल. मशीन रोज दुपारी ट्रिप होणार, नेमकं सौर वीज भरपूर असताना.

दोन उपाय आहेत. एक, तीन स्टेज. मग ५२ ला आत आलेला गॅसही ११७ च्या आसपास बाहेर पडतो. दुसरा, पाण्याचा इंटरकूलर आणि कूलिंग टॉवर. आपल्याकडे पाण्याचं नाव काढलं की माणसं गप्प होतात, शहरात नळाला रोज पाणी येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. तरी एक गोष्ट लक्षात घ्या, एप्रिल-मे मध्ये आपली हवा कोरडी असते, आणि कोरड्या हवेत कूलिंग टॉवर उत्तम काम करतो. पाण्याचा खर्च परवडत नसेल तर तीन स्टेज घ्या. माझं मत तीन स्टेजच्या बाजूने आहे, कारण मशीन एकदाच घ्यायचं असतं आणि पाणी रोज. हा निर्णय खरेदीच्या वेळी होतो; तुम्ही इलेक्ट्रिकलवाले असलात तरी त्या मीटिंगमध्ये बसा आणि हे बोला.

ड्राइव्हच्या बाजूने एवढंच, डिस्चार्ज तापमानाचा ट्रिप थेट वायरने आणा. त्याला स्पीड कमी-जास्त करायच्या लॉजिकमध्ये गुंतवू नका.

मोटार, केबल आणि ठिणगी

हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत पेट घेतो आणि पेटायला सुमारे ०.०२ मिलिज्यूल एवढी ठिणगी पुरते. ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. या गॅसची मोटार "फ्लेमप्रूफ आहे" एवढ्यावर घेऊ नका. नेमप्लेटवर गॅसचा गट वाचा. एलपीजीला चालणारी टू-ए मोटार इथं चालत नाही. टू-सी हवी, नाहीतर टू-बी आणि पुढे हायड्रोजनचा स्पष्ट उल्लेख हवा. तापमानाचा वर्ग मात्र इथं अडचण करत नाही, कारण हायड्रोजन आपोआप पेटायला ५०० डिग्रीच्या वर जावं लागतं. मोटार आणि बाकीची उपकरणं पेसोची, म्हणजे केंद्राच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेची, मंजुरी असलेली हवीत. या खात्याचं मुख्यालय नागपूरला आहे.

नेमप्लेट बघून झाली की सर्टिफिकेट बघा. मोटार ड्राइव्हवर चालवायला प्रमाणित आहे का, कुठल्या फ्रिक्वेन्सीपासून कुठल्यापर्यंत, त्या पट्ट्यात किती टॉर्क, स्विचिंग फ्रिक्वेन्सी किती. हे लिहिलेलं नसेल तर ती मोटार लाइनवर चालवायची आहे, ड्राइव्हवर नाही. वाइंडिंगमध्ये पीटीसी थर्मिस्टर (तापमान ओळखणारे सेन्सर) असतात, ते जोडून थेट ट्रिपला घ्या. पंख्याच्या मोटारीला हळू स्पीडला करंटही कमी असतो, त्यामुळे ती तापत नाही. इथं ३० हर्ट्झलाही करंट जवळजवळ पूर्ण, आणि मोटारीच्या शाफ्टवरचा पंखा मात्र हळू. एकतर मोटार एक साइज मोठी घ्या किंवा वेगळा ब्लोअर लावा. ब्लोअर लावलात तर तोही टू-सीचाच.

बेअरिंग करंटचा मुद्दा हायड्रोजनमध्ये वेगळा विचार मागतो. ड्राइव्हच्या स्विचिंगमुळे शाफ्टवर व्होल्टेज तयार होतं आणि ते बेअरिंगमधून ठिणग्या टाकत अर्थला जातं. साध्या कारखान्यात आपण शाफ्टला ग्राउंडिंग ब्रश किंवा रिंग लावून मोकळे होतो. तो ब्रश म्हणजे शाफ्टवर घासणारा उघडा संपर्क. जिथं गॅस असू शकतो तिथं तो स्वतःच्या मनाने लावू नका. पलीकडच्या टोकाचं इन्सुलेटेड बेअरिंग कारखान्यातूनच बसवून घ्या, ते सर्टिफिकेटमध्ये आलेलं असावं. ड्राइव्हच्या आउटपुटला कॉमन मोड फिल्टर, आणि केबल लांब असेल तर डीव्ही-डीटी फिल्टर (व्होल्टेजची एकदम होणारी चढ सौम्य करणारा). केबल सममित शील्डेड, शील्ड दोन्ही टोकांना पूर्ण गोलाकार पकडलेली. शील्डचे केस वळून शेपटी करून अर्थला बांधायची सवय सोडा, त्या शेपटीने उच्च फ्रिक्वेन्सीचा करंट नीट जात नाही. मोटारीच्या टोकाला टू-सीसाठी प्रमाणित बॅरियर ग्लँड, म्हणजे केबलमधून गॅस किंवा ज्वाला पलीकडे जाऊ न देणारा.

ड्राइव्ह सुरक्षित खोलीत. हायड्रोजन वर जातो, त्यामुळे कॉम्प्रेसर शेडच्या छताला सर्वात उंच जागी मोकळी वाट हवी आणि ड्राइव्हच्या खोलीच्या भिंतीतली छताजवळची केबलची भोकं नीट बुजवलेली हवीत. जमिनीतल्या चरात वाळू भरली की झालं, ही एलपीजीची सवय इथं अपुरी आहे.

आणि मेगर (इन्सुलेशनची तपासणी) करताना केबल ड्राइव्हवरून काढा. प्रत्येक वेळी. मोटारीचं टर्मिनल बॉक्स उघडायच्या आधी परमिट आणि गॅस टेस्ट.

ड्राइव्हचा साइज

उदाहरण ७५ किलोवॅट, ४१५ व्होल्ट मोटारीचं घेऊ. पूर्ण भाराचा करंट साधारण १३० ॲम्पिअर. कॅटलॉगमध्ये दोन रकाने असतात, नॉर्मल ड्युटी आणि हेवी ड्युटी. कॉम्प्रेसरला हेवी ड्युटीचाच रकाना वाचा, म्हणजे मिनिटभर १५० टक्के टॉर्क मिळतो. मग तापमान. बहुतेक ड्राइव्हचा आकडा ४० डिग्रीला दिलेला असतो, त्यापुढे दर डिग्रीला साधारण १ टक्का कापतात. पॅनेलच्या आत ४८ झालं तर ८ टक्के गेले, म्हणजे हेवी ड्युटीला किमान १४१ ॲम्पिअर देणारा ड्राइव्ह हवा. सोलापूरची उंची समुद्रसपाटीपासून ४५० मीटरच्या आसपास आहे आणि उंचीची कपात सहसा १००० मीटरनंतर सुरू होते, त्यामुळे तिकडून काही कापायला नको.

ड्राइव्ह स्वतः पॉवरच्या २ ते ३ टक्के उष्णता सोडतो. ७५ किलोवॅटला दोन किलोवॅटच्या आसपास. एवढी हीटर पॅनेलमध्ये लावल्यासारखीच आहे. पंखा-फिल्टर लावलात तर फिल्टर धुवायचा दिवस ठरवा. टॉवेलच्या कारखान्यांच्या शेजारी कापसाचे तंतू फिल्टरवर गादीसारखे बसतात. मला पॅनेल एसी बरा वाटतो.

पीआयडी उलटा करा

या सगळ्या लेखातलं एकच काम आज करायचं असेल तर हे करा.

पाण्याच्या पंपाला आपण डिस्चार्जचा दाब सांभाळतो. दाब कमी झाला, स्पीड वाढव. ड्राइव्हमधला पीआयडी, म्हणजे ठरलेला दाब राखायला स्पीड आपोआप बदलणारा नियंत्रक, कारखान्यातून सहसा असाच लावलेला येतो. हायड्रोजनमध्ये आपण सांभाळतो सक्शनचा दाब. सक्शन वाढला म्हणजे गॅस जास्त येतोय, स्पीड वाढव. सक्शन पडला म्हणजे गॅस कमी येतोय, स्पीड कमी कर. दिशा बरोबर उलटी. ड्राइव्हमध्ये एरर इन्व्हर्जन नावाचं पॅरामीटर असतं, ते चालू करायचं. केलं नाही तर काय होतं? गॅस कमी आला, सक्शन पडला, ड्राइव्हने स्पीड वाढवला, सक्शन आणखी पडला, ड्राइव्हने आणखी वाढवला. वातावरणाच्या दाबावर चालणारा अल्कलाइन इलेक्ट्रोलायझर असेल तर सक्शन मुळात वातावरणापेक्षा थोडासाच वर असतो. तो खाली गेला की पॅकिंगमधून हवा आत ओढली जाते, आणि मशीन हायड्रोजन-हवेचं मिश्रण दाबायला लागतं. यापेक्षा वाईट काही नाही.

म्हणून आमच्याकडे पॅनेल वर्कशॉपमधून बाहेर पडायच्या आधी हे बेंचवर बघितलं जातं. ड्राइव्हच्या ॲनालॉग इनपुटला लूप कॅलिब्रेटर (सेन्सरच्या जागी ४ ते २० मिलिॲम्पिअरचा सिग्नल देणारं उपकरण) जोडतो, आउटपुटला छोटी रिकामी मोटार. १२ मिलिॲम्पिअर देऊन सेट पॉइंट तिथंच ठेवायचा, स्पीड स्थिर होऊ द्यायचा. मग मी वायरमनना म्हणते, "अण्णा, ११ करा." स्पीड खाली आला पाहिजे. "आता १३." वर गेला पाहिजे. मग कॅलिब्रेटरची वायर सरळ ओढून काढायची. सिग्नल ४ च्या खाली गेला की ड्राइव्हने फॉल्ट देऊन थांबलं पाहिजे. बऱ्याच ड्राइव्हमध्ये इथं "शेवटच्या स्पीडवर चालू ठेव" असाही पर्याय असतो. पंख्याला तो बरा, इथं अजिबात नको. ही तपासणी कागदावर लिहून त्यावर सही घेतो.

आणि पीआयडी कितीही नीट लावला तरी सक्शन लो चा ट्रिप वेगळ्या प्रेशर स्विचवरून, वेगळ्या वायरने, ड्राइव्हच्या सेफ टॉर्क ऑफ (मोटारीचा जोर लगेच तोडणाऱ्या) इनपुटला. एकाच ट्रान्समीटरवर नियंत्रण आणि संरक्षण दोन्ही ठेवायचं नाही.

आता खालच्या स्पीडच्या खालचं. नियंत्रकाचं आउटपुट दोन भागांत वाटा. ५० ते १०० टक्क्यांमध्ये ड्राइव्ह ३० ते ५० हर्ट्झ फिरतो आणि स्पिलबॅक व्हॉल्व्ह बंद. आउटपुट ५० च्या खाली गेलं की ड्राइव्ह ३० वर थांबतो आणि व्हॉल्व्ह हळूहळू उघडतो, शून्याला पूर्ण उघडा. परत जाणारा गॅस कूलरमधून गेलाच पाहिजे, गरम गॅस सक्शनला आला तर वरचा १३५ चा हिशोब कोलमडतो. ट्रेलर बदलताना, म्हणजे एक भरला आणि दुसऱ्याची होज जोडायची आहे, तेव्हा हीच व्यवस्था मशीन बंद न करता वेळ काढून देते.

बाकी पॅरामीटर भराभर. कंट्रोल मोड सेन्सरलेस व्हेक्टर. मोटारीची ओळख करून घेणारा आयडी रन बेल्ट किंवा कपलिंग सोडून फिरता करा. सोडता येत नसेल तर स्थिर करा. चढायला २० ते ३० सेकंद. थांबताना कोस्ट, म्हणजे मोटार आपली आपण थांबू द्यायची. ऑटो रीस्टार्ट बंद, फ्लाइंग स्टार्टही (फिरती मोटार पकडून सुरू करणं) बंद. सुरू करताना स्पिलबॅक उघडा, सिलिंडर अनलोड, मगच स्टार्ट. किमान फ्रिक्वेन्सी आणि टाळायचे पट्टे टाका, पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना २ हर्ट्झ सोडून.

एक गोष्ट मात्र निवांत बघण्यासारखी आहे. सिंगल सिलिंडर मशीन ४०० आरपीएमला फिरताना सेकंदाला सहा-सात धक्के देतं आणि ड्राइव्हवरचा करंट त्या तालात वर-खाली होतो. नवा माणूस हे बघून स्पीड लूपचा गेन वाढवत जातो, "स्थिर करतो" म्हणून. ड्राइव्ह मग प्रत्येक धक्क्याशी झगडायला लागतो, करंटचे टोक उंच होतात, डीसी बस डोलायला लागते. गेन कमी करा. तो धक्का सांभाळायला फ्लायव्हील आहे, स्पीडला क्षणभर थोडं हलू द्या. करंटचं डोलणं लगेच कमी झालेलं दिसतं.

लाइटचं

एमआयडीसीतला फीडर म्हटला की डिप (व्होल्टेज क्षणभर पडणं) आले. ड्राइव्ह अंडरव्होल्टेजला ट्रिप झाला तर ऑपरेटरने कारण बघून, सक्शन-डिस्चार्ज बघून, हाताने सुरू करायचा. महावितरणची उच्चदाब बिलं एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर (पॉवर फॅक्टर घसरला की बिल वाढतं असं मोजमाप) आहेत, त्यामुळे पॉवर फॅक्टर सगळ्यांच्या डोक्यात असतो आणि कुणीतरी मोटारीच्या टर्मिनलला कपॅसिटर लावायला जातो. ड्राइव्हच्या आउटपुटला कपॅसिटर कधीही नको. इनपुटकडच्या एपीएफसी (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणाऱ्या) पॅनेलला ७ टक्के डिट्यून्ड रिॲक्टर असू द्या, नाहीतर ड्राइव्हच्या हार्मोनिक्सने कपॅसिटर फुगतात.

पहिल्यांदा फिरवताना

आधी नायट्रोजनने पर्ज करून आतली हवा घालवायची आणि ऑक्सिजन मीटरने खात्री करायची. नायट्रोजनवर मशीन फिरवून बघायचं असेल तर बनवणाऱ्याची परवानगी आणि कमी दाब, दोन्ही हवं. नायट्रोजन हायड्रोजनच्या १४ पट जड आहे, व्हॉल्व्हमधून जाताना त्याचा अडथळा फार मोठा असतो आणि करंट अपेक्षेपेक्षा वर जातो. तो करंट बघून ड्राइव्हची टॉर्क मर्यादा वाढवू नका.

हायड्रोजन आल्यावर ३० हर्ट्झपासून अर्धा-अर्धा हर्ट्झ वर चढा, प्रत्येक पायरीला थांबून मशीनवर आणि पाइपवर कंपन मोजा. मोजायचं यंत्रही टू-सीचं हवं. मोबाइल शेडच्या बाहेर. कागदावरच्या टाळायच्या पट्ट्यांशी आकडे जुळतात का बघा. पाइपच्या आधाराने पट्टा सरकतो, तेव्हा नवा पट्टा टाका आणि ड्रॉइंगवर लिहा. ही फेरी दोनदा करा, एकदा ट्रेलर रिकामा असताना आणि एकदा दाब १८० च्या पुढे गेल्यावर, कारण भार बदलला की कंपनही बदलतं.

शेवटी ट्रिप. गॅस डिटेक्टरला मी साधारण एलईएलच्या (हवेत गॅस पेट घेऊ शकतो त्या किमान प्रमाणाच्या) १० टक्क्यांना अलार्म आणि २५ टक्क्यांना, म्हणजे हवेत १ टक्का हायड्रोजन असताना, ट्रिप ठेवते. टेस्ट गॅस थेट डिटेक्टरच्या तोंडाशी धरून, शेवटी मशीन खरंच थांबतं का ते बघायचं. पॅनेलमध्ये रिले हाताने दाबून झालेली टेस्ट मी मानत नाही. सेफ टॉर्क ऑफ लागला म्हणजे मोटार फिरणार नाही, पण टर्मिनलवर वीज असू शकते. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हची डीसी बस ५६० व्होल्टच्या आसपास असते आणि बंद केल्यावरही काही मिनिटं भरलेली राहते. आयसोलेटर उघडा, कुलूप लावा, ड्राइव्हवर लिहिलेली मिनिटं थांबा, मीटरने शून्य बघा आणि मगच स्क्रू ड्रायव्हर आत घाला. डिस्चार्ज तापमान, सक्शन लो, ऑइल दाब, थर्मिस्टर, गॅस, इमर्जन्सी स्टॉप, प्रत्येक ट्रिप स्वतंत्र घ्या, वेळ लिहा, ऑपरेटरची सही घ्या. पॅरामीटरची बॅकअप फाइल ग्राहकाकडे एक आणि आपल्याकडे एक. खालचा स्पीड आणि टाळायचे पट्टे पॅनेलच्या दारावर, बाहेरून वाचता येतील असे, मराठीत लिहून चिकटवा, म्हणजे रात्रपाळीच्या माणसाला कुणाला फोन लावायला नको.